लंडनमास्तरांचे बारा कोट

पौडच्या एसटी स्टँडवर उतरताना सीटच्या खिळ्यात अडकून माझी पँट फाटली नसती, तर लंडनमास्तरांची आणि माझी गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. दोन हजार एक साल असेल. मी परभणीहून हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला आलेलो, नेऱ्यात खोली घेऊन राहिलेलो, आणि त्या दिवशी रहिवासी दाखल्यासाठी रजा टाकून तहसील कचेरीत निघालेलो. पँट अशा जागी फाटली होती की रांगेत उभं राहायचं तर भिंतीला पाठ लावूनच. शर्ट बाहेर काढून, फाइल मागे धरून मी समोर दिसलेल्या टेलरच्या दुकानात शिरलो. टेलर मान खाली घालून काज करत होता. त्याने वर न बघताच विचारलं,

"डाव्या अंगाला का उजव्या?"

"काय?"

"फाटलीया ती. फाइल कुनी अशी धरत न्हाई, सायेब."

मला एक जुना पडदा गुंडाळायला देऊन त्यांनी पँट हातात घेतली, उलटी केली आणि शिवण्याऐवजी वाचायलाच लागले. "तयार घेतलेली. ढुंगनाला सैल, मांडीला घट्ट. ही तुमच्यासाठी शिवलेलीच न्हाई. खिळ्याचा काय दोष?" मग पंधरा मिनिटांत त्यांनी ती अशी शिवली, की पुढे पँट विरली पण ती शिवण टिकली. मी पैसे विचारले तर म्हणाले, दाखला मिळाला तर चहा पाजा. दाखला मिळायला चार खेपा लागल्या, त्यामुळे चार वेळा चहा मीच प्यायलो, त्यांच्या दुकानात, त्यांच्याच खर्चाने.

नाव वसंत माळवदे. पण हे नाव फक्त विजेच्या बिलावर. साऱ्या मुळशी तालुक्यात ते लंडनमास्तर. तरुणपणी पुण्याच्या कॅम्पात एका मिलिटरी टेलरकडे ते काम शिकले होते. खांद्यावरच्या पट्ट्या, छातीवरच्या सोनेरी दोऱ्या, उभ्या कॉलरी, सगळा साहेबी थाट. त्याच हुन्नरावर साठच्या दशकात ते लंडनला गेले आणि सात वर्षं तिथे राहून परत आले. का गेले आणि का आले, हे मी दोन-तीनदा विचारलं. "गेलो कारन बोलावलं, आलो कारन इंदूनं बोलावलं," एवढंच उत्तर मिळायचं. इंदूकाकू म्हणजे त्यांची बायको, दुकानामागच्या घरात भाकरी थापत असायच्या. त्या आतून ओरडायच्या, "मी कशाला बोलवतीया! त्यांनाच तितलं जेवन जाईना."

आता लंडनला सात वर्षं राहिलेला माणूस पौडच्या स्टँडवर बसला म्हटल्यावर लोक काय विचारणार? राणी बघितली का, आणि मड्डमा कशा असतात. राणी बघितली नव्हती. मड्डमांबद्दल मास्तरांचं उत्तर पाठ होतं, आणि ऐकणारे ते पुन्हा पुन्हा ऐकायला यायचे.

"मी गुडघ्यापतूर बगितल्या."

हशा पिकायचा. मास्तर मात्र हसायचे नाहीत, कारण ते खरं सांगत असायचे. ज्या कपड्यांच्या दुकानात ते कामाला होते त्याचा कारखाना तळघरात होता. वर झगमगाट, गाणी, गिऱ्हाइकांची झुंबड; खाली सहा मशिनी आणि एक हातभर खिडकी, तीही फूटपाथच्या पातळीवर. तिच्यातून दिसायचे फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय. "सात वर्सं मी लंडनचे पाय बगितले," ते म्हणायचे. "पर फॅशन बदलली की समद्यात आदी मला कळायची. मी गेलो तवा समदे काळे बूट, एका रांगंत, मयताला चालल्यावानी. मंग टोकदार आले. मंग टाच उचलली. मंग बायांचे बूट चढत चढत गुडघ्याला भिडले आन झगे खाली यायचे ते वर पळाले. खिडकी तेवढीच व्हती हां! मी काय उठून बगितलं न्हाई."

आणि वरच्या मजल्यावर काय विकलं जायचं? तर जुन्या शिपायांचे कोट! ही गोष्ट मास्तर अगदी रंगवून सांगायचे. तिथल्या तरुण पोरांना, विशेषतः गिटार घेऊन गाणाऱ्या पोरांना, एकाएकी आजोबांच्या जमान्यातले लष्करी कोट घालायची हौस सुटली. जुन्या बाजारातले कोट संपले तेव्हा दुकानदाराने तळघरात येऊन विचारलं, असा नवा शिवणारा आहे का कोणी? मास्तरांनी हात वर केला. मग त्यांनी तेच कोट शिवले, पण लाल लोकरी बनातीचे नाहीत. मखमलीचे, साटीनचे आणि सरळ पडद्यांच्या कापडाचे. पोपटी, जांभळे, गुलबक्षी. त्यावर कोयरीची नक्षी. "कोयरी आपली. लुगड्यावरची, शालीवरची. तिकडं तिला कुटल्यातरी गावाचं नाव दिलंया. मी त्या दुकानदाराला म्हनलं, ही माज्या आयच्या चोळीवर हाय. तो म्हनला, व्हय का, मंग अजून शिव."

असे शेकडो कोट त्यांनी शिवले, आणि ते जिन्याने वर गेले. वरून दाराबाहेर पडले. खिडकीतून मास्तरांना दिसले ते फक्त बूट. कोणता कोट कोणाच्या अंगावर बसला, खांद्याला कसा पडला, चालताना त्याचा घेर कसा हलला, यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. दुकान बंद व्हायच्या आत काम सुटायचं नाही, आणि सुटल्यावर रस्त्यात सगळे पावसाळी कोट. एवढं एकच दुःख त्यांनी त्या सात वर्षांतून बरोबर आणलं होतं. एरवी ते कुरकुर करणारे नव्हते, पण हे सांगताना सुई थांबायची. "कोट मी शिवले आन बगितले बूट. सुगरनीनं सैपाक करायचा आन जेवनारांच्या नुसत्या चपला मोजायच्या, असं झालं बगा."

रविवारी सुट्टी असायची. बाकीचे कामगार झोपायचे. मास्तर तिथल्या आर्ट गॅलरीत चित्रं बघायला जायचे, कारण चित्रं बघायला पैसे पडत नसत आणि आत ऊब असे. "चित्र म्हंजी देवाचं न्हाईतर राजाचं, असं वाटायचं मला. तितं बगतो तर साबनाचं खोकं! सिगारेटचं पाकीट! एकात नुसती गोल गोल चकती, बंदुकीचा नेम धरायला अस्ती तशी. आन लोक हात मागं बांदून बगत्यात, देवळात उभं ऱ्हावं तसं. पयल्यांदा मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. मंग तीन रविवार गेलो. मंग मला बी साबनाचं खोकं दिसाय लागलं."

याचा परिणाम पौडच्या दुकानाच्या डाव्या भिंतीवर झाला होता. काडेपेट्यांचे छाप, विडीच्या बंडलांचे कागद, तपकिरीच्या डबीवरची बाई, एसटीची तिकिटं, खताच्या पोत्यावरचा बैल, हे सगळं कापून, गोलात गोल करून त्यांनी भिंतभर डकवलं होतं. कुठे एक तसूही जागा मोकळी नव्हती. कचेरीतल्या एका कारकुनाने एकदा विचारलं, "मास्तर, हा कचरा कशापायी?" तर म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या कपाटात हाय तो कागद, आन ह्यो कचरा व्हय?" तेव्हापासून तो कारकून गुपचूप वेगवेगळ्या काडेपेट्यांचे छाप आणून देऊ लागला. मीही परभणीला गेलो की तिकडचे छाप आणायचो. माझा एक विडीचा कागद त्यांनी थेट मधोमध लावला, तेव्हा मला पगारवाढीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

मास्तरांची टेप लंडनहून आणलेली होती. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, पण सुरुवातीचे चार इंच झिजून आकडे गेलेले. म्हणून ते चारापासून मोजायचे आणि मनातल्या मनात चार वजा करायचे. नवी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "हिला माझी सवय हाय." एकदा ते आजारी असताना इंदूकाकूंनी जवळच्या रिहे गावातल्या एका फार्महाऊसच्या पडद्यांची मापं घेतली. चारापासून मोजलं, वजा करायचं राहिलं. सगळे पडदे चार-चार इंच जमिनीवर लोळू लागले. फार्महाऊसवाली बाई भेटायला आली ती खूश होऊन. मासिकात अस्सेच पडदे असतात म्हणाली. काकू तेव्हापासून मास्तरांना सारखं ऐकवायच्या, की लंडनला न जाता फॅशन मला जमली.

माप घेताना ते गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचे. भाताचं पीक कसं आहे, थोरला कुठे लागला, असं काहीबाही. कारण माणूस टेप बघितली की पोट आत ओढतो. "पोट आत घेतलेलं माप खोटं. तो मानूस घरी जाऊन श्वास सोडनार आन नाव माझं घेनार." आणि त्यांचं एक वाक्य तर मी नंतर ऑफिसात सुद्धा वापरत असे: "दुसऱ्याच्या मापात घुसू नये." ते कपड्याबद्दलच बोलायचे, पण ते वाक्य साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडताना फार उपयोगी पडायचं.

या सगळ्यात शंकर कुठे येतो ते सांगतो. शंकर हा रिह्याचा बँडवाला. बापाकडून आलेला बारा जणांचा लग्नाचा बँड. त्याचे गणवेश मास्तर शिवायचे: लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झुपके. म्हणजे बघा, लंडनच्या गाणाऱ्या पोरांनी हौसेने अंगावर घातला तोच कोट आमच्याकडे शंकरचे वाजंत्री पोटासाठी घालत होते. मास्तरांना वाटलं, चला, आता तरी आपले कोट रस्त्यावरून चालताना दिसतील. दुकान स्टँडसमोर, वरात दारावरून जाते. पण व्हायचं काय, बँडवाले सगळे शेतावर मजुरी करणारे. आज कोणाची लावणी, उद्या कोणाची कापणी. ज्याला जमेल तो यायचा आणि पेटीत वर असेल तो कोट अंगात घालायचा. माणूस कमी पडला तर कोणालाही उभं करून हातात ट्रंपेट द्यायचे; तो नुसतेच गाल फुगवायचा. त्यामुळे लठ्ठ पांडूच्या पोटावर बटण लागत नसे, आणि काडीसारखा म्हादू कोटात हरवलेला असायचा. वरात दारावरून गेली की मास्तर दुकानात पाठ फिरवून बसायचे.

"शंकऱ्या, एकेकाचं माप घेऊन शिवतो. ज्याचा त्याला कोट. आन रंग बी ज्याचा त्याला."

"बारा मानसं, बारा रंग? मास्तर, बँड हाय का सर्कस? गनवेश म्हंजी एकासारका एक."

"एकासारकी मानसं तरी हायेत का तुज्याकडं?"

हे भांडण मी कित्येक वर्षं ऐकलं. शंकर ऐकायचा नाही, पण त्याची माणसं चहाला आली की मास्तर गप्पा मारता मारता एकेकाचं माप घेऊन ठेवायचे. वहीत बाराच्या बारा जणांची मापं होती. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "असू द्या. माप काय भाकरी मागत न्हाई."

मग डीजे आला. लग्नं मंगल कार्यालयांतून लॉनवर गेली आणि लॉनवर भिंतीएवढे स्पीकर आले. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात शंकर दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या वर्साला तीनच सुपाऱ्या. दिवाळीनंतर वाद्यं मोडीत घालतो. बाची हायेत म्हनून थांबलोय." त्या दिवशी मास्तरांनी एक काज दोनदा उसवलं.

त्याच वर्षी आमच्या कंपनीत स्नेहसंमेलन ठरलं. मी कॉम्प्युटरवाला नव्हतो. प्रशासन विभागात होतो, म्हणजे बस, खुर्च्या, जेवणाचे डबे आणि स्नेहसंमेलन. इंग्लंडहून मोठा साहेब येणार होता म्हणून विषय निघाला 'साठच्या दशकातलं लंडन'. बारा पोरं रंगीत कोट घालून नाचणार. कोट कुठून आणायचे, यावर मीटिंगमध्ये तासभर चर्चा चालली. मी हात वर केला. मास्तरांनीही असाच कधीतरी तळघरात हात वर केला असेल, असं तेव्हा मनात आलं.

मास्तरांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. फार्महाऊसच्या पडद्यांची उरलेली कापडं काढली: पोपटी, हळदी, गुलबक्षी, मोरपंखी. "पोरं पाटवून द्या. मापं घेतो."

पोरं येतील कुठली! त्यांचं काम अंगावर आलेलं. रोज उद्या म्हणत. शेवटी मी एका कागदावर बारा नावं आणि पुढे एम, एल, एक्सएल असं लिहून तो कागद नेऊन दिला. मास्तरांनी तो लांब धरून वाचला.

"हे काय?"

"मापं."

"परभनीकर, मानसाला यल म्हनत्यात व्हय?" आणि तो कागद त्यांनी भिंतीवर, तपकिरीच्या बाईशेजारी डकवून टाकला.

मला वाटलं, झालं, आता हे शिवणार नाहीत. पण पंधरा दिवसांनी फोन आला. कोट तयार. मी कंपनीची गाडी घेऊन गेलो. काय कोट होते! उभ्या कॉलरी, छातीवर सोनेरी दोऱ्यांच्या ओळी, आत कोयरीचं अस्तर. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी पोरांनी ते घातले. एकाचंही माप जुळेना. व्यायाम केलेल्या एका पोराचा हात बाहीत कोपरापर्यंतच गेला. दुसरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. माझे साहेब माझ्याकडे नुसते बघत होते.

मी तडक पौडला गेलो. रागाने बोलायला तोंड उघडलं, तर मास्तरांनी शांतपणे वही पुढे केली.

"तुमी मापं दिली न्हाईत. मंग ज्यांची माझ्याकडं व्हती त्यांची घातली."

वहीत वर लिहिलेलं होतं: पांडू, म्हादू, शंकर...

"मास्तर! माझी नोकरी जाईल!"

"कशी जाईल? ह्ये कोट फिट बसनारी बारा मानसं रिह्यात हायेत. त्यांना वाजवाय बी येतंय. तुमच्या पोरांना येतंय का?" आणि मग हळूच म्हणाले, "एकडाव बगू द्या मला. येवढं एकडाव."

ही चूक होती की डाव, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या वेळी मला फक्त राग आला होता आणि दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीची बस रिह्याला गेली. शंकर आधी हटून बसला, की सर्कस करणार नाही. पण पांडूने गुलबक्षी कोट अंगात घातला, बटण लावलं, आणि ते लागलं. जन्मात पहिल्यांदा पांडूच्या पोटावर बटण लागलं होतं. तो नुसता खाली बघत राहिला. शंकरने त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने आपला मोरपंखी उचलला.

संध्याकाळी कंपनीच्या हिरवळीवर ते बारा जण दोन रांगांत चालत आले. बारा रंग, बारा अंगं. वाजवत होते ते आपलं लग्नातलंच, पण ढोलाच्या पहिल्या ठोक्यालाच आमची सगळी पोरं, ती कोट न मिळालेली सुद्धा, खुर्च्या सोडून नाचायला गेली. मास्तरांना मी पुढची खुर्ची दिली होती. ते बसलेच नाहीत. बँड जसा सरकेल तसे ते कडेकडेने सरकत होते, कॉलरपासून घेरापर्यंत बघत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "चालत्यात रं," ते मला म्हणाले. "बगा, चालत्यात."

नंतर इंग्लंडचा साहेब, चांगला साठीचा, पांडूच्या कॉलरवर हात फिरवून म्हणाला, की असाच एक कोट विशीत मी घेतला होता आणि माझ्या बापाने मला त्याच्यासकट घराबाहेर काढलं होतं. मी मास्तरांना पुढे केलं. मास्तरांनी आधी साहेबाच्या बुटांकडे बघितलं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण त्या दिवशी दुभाष्या ठेवायचा त्यांचा थाट होता.

"इचारा त्याला, तवा पायात काय घालायचा?"

साहेबाने जरा आठवून सांगितलं, घोट्यापर्यंतचे बूट, बाजूला लवचिक पट्टी असलेले.

"काळे का तपकिरी?"

"तपकिरी."

"मंग ह्याला मी वळखतो," मास्तर म्हणाले, आणि साहेबाचा हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवत राहिले.

कोट कंपनीत कोणालाच येत नव्हते, म्हणून ते बँडकडेच राहिले. वाद्यं मोडीत गेली नाहीत. आमच्याच कंपनीतल्या पोरापोरींची लग्नं नेरे-मारुंजीच्या लॉनवर व्हायची, आणि त्यांना 'तो रंगीत बँड' हवा असायचा. शंकर पुढे सगळ्यांना सांगत फिरायचा की बारा रंगांची कल्पना आपलीच. मास्तर ऐकून घ्यायचे. एक नियम मात्र त्यांनी शंकरकडून भंडारा उचलून, शपथेवर कबूल करून घेतला होता: ज्याचा कोट त्यानेच घालायचा. माणूस आला नाही तर कोट पेटीत.

मी मास्तरांना शेवटचं बघितलं ते दोन हजार दहाच्या मे महिन्यात, शंकरच्या मुलीच्या लग्नात. माझी बदली नागपूरला झाली होती, आठवड्याने निघायचं होतं. त्या दिवाळीत मास्तर गेले ते मला तिकडे कळलं. झोपेतच गेले, काकू फोनवर म्हणाल्या, टेप गळ्यातच होती.

लग्नाच्या त्या दिवशी रिह्यात वरात निघायच्या वेळेला कळलं की झांजवाला धोंडू तापाने पडलाय. धोंडू सहा फुटी. त्याचा हळदी कोट पेटीत घडी करून ठेवलेला. शंकर पोरीचा बाप म्हणून मांडवात, आणि बँड दहाचा. मी मास्तरांना शोधत मागे गेलो, तर ते पेटीपाशी उभे. धोंडूचा कोट अंगात. साऱ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी असा कोट शिवला नव्हता. खांदे दंडावर उतरलेले, घेर गुडघ्याशी, बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येत नव्हती.

"मास्तर," मी म्हटलं, "दुसऱ्याच्या मापात घुसू नये."

"लई चुकलंय माप," ते म्हणाले. त्यांनी स्वतःकडे खाली बघितलं आणि लहान मुलासारखे खुदकन हसले. "पर शंकऱ्याची पोर हाय. झांजा द्या हिकडं."

आणि ते निघाले. दोन रांगांच्या मागे, ठेका चुकवत, मग पकडत. गावातली बायका-पोरं मध्ये घुसली, धूळ उडाली, आणि बुटके मास्तर गर्दीत दिसेनासे झाले. मी टाचा उंचावून बघत राहिलो. माणसांच्या डोक्यांवरून दोन लांबलचक हळदी बाह्या वर यायच्या, झांजा एकमेकींवर आदळायच्या, चमकायच्या, बाह्या खाली जायच्या. वळणापर्यंत तो कोट तसा चालत गेला. त्याखालचे पाय काही मला दिसले नाहीत.